न झालेल्या कॅन्सरची नोंद

लस घेतलेल्या माणसाला दहा वर्षांनी कॅन्सर झाला नाही. ही लशीची पुण्याई, की तो मुळातच होणार नव्हता? एका माणसापुरतं या प्रश्नाला उत्तर नाही. त्यासाठी शेकडो, बहुतेक वेळा हजारो धडधाकट माणसं लागतात. काहींना लस द्यायची, काहींना नाही, आणि मग वर्षानुवर्षं दोन्हीकडच्या प्रत्येकाचा ठावठिकाणा धरून बसायचं: पत्ता बदलला का, लग्न झालं का, आजारी पडला का, गेला तर कशाने गेला. कॅन्सरच्या प्रतिबंधक लशीची परीक्षा प्रयोगशाळेत सुरू होते, पण तिचा निकाल नोंदवहीत लागतो. आणि अशी नोंदवही कशी ठेवावी हे महाराष्ट्राने मुंबई-पुण्याच्या बरोबरीने बार्शीत शिकून घेतलं आहे.

सोलापूर जिल्ह्यातल्या बार्शीत डॉ. भगवान नेने यांनी १९८२ साली कॅन्सर रुग्णालय उभं केलं. नर्गिस दत्त यांच्या नावाने ते ओळखलं जातं. १९८७ मध्ये टाटा मेमोरियलच्या डॉ. कस्तुरी जयंत यांच्यासोबत तिथे देशातली पहिली ग्रामीण कॅन्सर नोंदणी सुरू झाली. बार्शी, परांडा आणि भूम हे तीन तालुके, ३४६ गावं. शहरातली नोंदणी रुग्णालयांची कागदपत्रं चाळून होते. इथे ती सोय नव्हती, कारण खेड्यातला रुग्ण बहुतेकदा रुग्णालयाची पायरी न चढताच जायचा. म्हणून नोंदणीचे कार्यकर्ते गावोगाव फिरू लागले. सरपंच, शिक्षक, जाणती माणसं यांच्याशी बोलायचं, बैठका घ्यायच्या, बायकांना अंगावरून जाण्याबद्दल, गाठींबद्दल विचारायचं, आणि शंका आलीच तर माणसाला बार्शीला घेऊन यायचं. काही वर्षांत मोजणाऱ्यांनाच दिसू लागलं की गर्भाशयमुखाच्या कॅन्सरच्या बायका पूर्वीपेक्षा आधीच्या टप्प्यावर येताहेत. मोजण्यासाठी मारलेल्या फेऱ्यांनीच बायका बोलत्या झाल्या होत्या. या पूर्ण कामातली ही गोष्ट मला सगळ्यांत मोलाची वाटते.

शेजारच्या उस्मानाबाद, म्हणजे आताच्या धाराशिव जिल्ह्यात याच मंडळींनी १९९९ पासून गर्भाशयमुखाच्या कॅन्सरच्या तपासणीची मोठी चाचणी केली. ३० ते ५९ वयाच्या १,३१,७४६ स्त्रिया, ५२ गट. काही गटांत पॅप तपासणी, काहींत ॲसिटिक ॲसिड लावून नुसत्या डोळ्यांनी पाहणी, काहींत या कॅन्सरमागच्या एचपीव्ही विषाणूची तपासणी, आणि काहींत फक्त माहिती व नेहमीचे उपचार. एचपीव्ही तपासणी आयुष्यात एकदाच झालेल्या गटात या कॅन्सरने ३४ मृत्यू झाले, काहीच तपासणी न झालेल्या गटात ६४. तपासणीविना ठेवलेल्या त्या गटाबद्दल पुढे खूप वाद झाला. तो व्हायलाच हवा होता. निव्वळ तुलनेसाठी कुणाला मागे ठेवायचं हा प्रश्न अशा प्रत्येक चाचणीच्या मुळाशी असतो.

मग लस आली. सप्टेंबर २००९ मध्ये डॉ. आर. शंकरनारायणन यांच्या नेतृत्वाखाली देशभरात नऊ ठिकाणी एचपीव्ही लशीची चाचणी सुरू झाली, त्यांत बार्शी होतं आणि पुणेही. १० ते १८ वयाच्या २०,००० अविवाहित मुलींना लस द्यायची, आणि तीन डोसांऐवजी दोन पुरतात का ते पाहायचं, असा बेत होता. एप्रिल २०१० मध्ये सरकारने एचपीव्ही लशीचं सगळं काम थांबवलं. आंध्र प्रदेश आणि गुजरातमध्ये चाललेल्या एका वेगळ्याच प्रकल्पात काही मुलींचे मृत्यू झाले होते. चौकशीत लशीशी त्यांचा संबंध आढळला नाही, पण पालकांची संमती घेण्यात गंभीर ढिलाई झाल्याचं उघड झालं. त्या ढिलाईची किंमत बार्शीच्या चाचणीने मोजली. तोवर १७,७२९ मुलींना लस टोचून झाली होती, आणि त्यांतल्या ४,९५० मुलींना एकच डोस मिळाला होता.

कुठलीही चाचणी इथे गुंडाळली गेली असती. पण टोचणं थांबलं तरी पाठपुरावा थांबला नाही. मुलीचं लग्न होऊन अठरा महिने झाले, किंवा पहिल्या बाळंतपणाला सहा महिने झाले, यांतलं जे आधी घडेल तेव्हा तिचा पहिला नमुना घ्यायचा, असं ठरलं होतं. याचा अर्थ नीट पाहावा. मुलगी सासरी गेली की माहेरच्या पत्त्यावर ती सापडत नाही. तिचं लग्न कधी, कुठे, कुणाकडे झालं हे कार्यकर्तीला ठाऊक हवं. मग तिकडे जाऊन सासूसमोर विषय काढायचा, आणि नवपरिणीत सुनेला तपासणीला राजी करायचं. हे वर्षामागून वर्षं चाललं. २०२१ मध्ये निष्कर्ष प्रसिद्ध झाला तेव्हा सरासरी नऊ वर्षांचा पाठपुरावा झाला होता. एचपीव्ही १६ आणि १८ या प्रकारांच्या चिवट संसर्गापासून एका डोसने ९५.४ टक्के संरक्षण दिलं होतं. दोन आणि तीन डोसांचे आकडे ९३ टक्क्यांच्या आसपास. पुढच्याच वर्षी जागतिक आरोग्य संघटनेने एका डोसाचं वेळापत्रक मान्य केलं, आणि त्यामागच्या पुराव्यात या भारतीय मुलींचा वाटा मोठा होता.

मोठ्या आतड्याच्या कॅन्सरवर अशी लस निघेल का? इथे गाठ अवघड आहे. गर्भाशयमुखाच्या कॅन्सरमागे बाहेरून आलेला विषाणू असतो. आतड्याचा कॅन्सर आपल्याच पेशींचा, आणि आपल्याच पेशींवर तुटून पडायला शरीर तयार होत नाही. पिट्सबर्ग विद्यापीठात ऑलिव्हेरा फिन यांनी एमयूसी-१ या प्रथिनावर आयुष्य घातलं. निरोगी पेशीवर ते साखरेच्या साखळ्यांनी झाकलेलं असतं, बिघडलेल्या पेशीवर उघडं पडतं. आतड्यातल्या मोठ्या, धोक्याच्या गाठी, म्हणजे पॉलिप, काढलेल्या १०३ जणांवर त्यावरची लस तपासली गेली. प्रतिकारशक्ती जागी झाली ती चौघांत एकाची, आणि पॉलिप पुन्हा येण्याच्या प्रमाणात ठोस फरक पडला नाही. हा निकाल २०२३ मध्ये सरळ छापून आला, हे चांगलं झालं. फसलेली चाचणी लपवली की पुढचा माणूस त्याच खड्ड्यात पाय घालतो.

आता आशा आहे ती लिंच सिंड्रोमच्या कुटुंबांत. पेशी दुभागताना डीएनएची नक्कल होते, तीत चुका राहतात, आणि एमएलएच-१, एमएसएच-२, एमएसएच-६ व पीएमएस-२ ही जनुकं त्या दुरुस्त करतात. यांतल्या एकात जन्मतःच दोष असणं म्हणजे लिंच सिंड्रोम; अशा माणसाला तरुणपणीच आतड्याचा किंवा गर्भाशयाचा कॅन्सर होऊ शकतो. जिथे तेच अक्षर आठ-दहा वेळा ओळीने येतं तिथे चूक हटकून होते. डीएनए तीन-तीन अक्षरांनी वाचला जातो. ‘कमळ नगर पदर सरळ’ यातला ‘म’ गाळून तीन-तीन अक्षरं वाचा: ‘कळन गरप दरस रळ’. एक अक्षर गेलं आणि पुढचं सगळं निरर्थक झालं. अशा वाचनातून पेशी जी प्रथिनं बनवते ती शरीराने कधी पाहिलेलीच नसतात, म्हणून प्रतिकारशक्तीला ती परकी वाटतात. आणि चुकांच्या जागा ठरलेल्या असल्याने वेगवेगळ्या रुग्णांत तीच तीच निरर्थक प्रथिनं सापडतात. एकच लस अनेकांना चालेल, ही शक्यता त्यातून आली.

जर्मनीतल्या हायडेलबर्गच्या संशोधकांनी अशा प्रथिनांच्या तीन तुकड्यांची लस आधी रुग्णांना देऊन पाहिली. नूसकॉम या कंपनीच्या ‘नूस-२०९’ लशीत २०९ तुकडे आहेत. वानराच्या एका निरुपद्रवी केलेल्या विषाणूतून पहिली मात्रा, देवीच्या लशीच्या जातकुळीतल्या विषाणूतून दुसरी. ह्यूस्टनच्या एमडी अँडरसन केंद्राचे एदुआर्दो विलार यांच्या पुढाकाराने ती लिंच असलेल्या, पण त्या वेळी कॅन्सर नसलेल्या ४५ जणांना दिली गेली. ज्यांचं रक्त तपासता आलं त्या सगळ्यांत प्रतिकारशक्ती जागी झाली. पिट्सबर्गच्या चौघांत एकापुढे हे फार मोठं पाऊल आहे. तरी रक्तातली जाग म्हणजे टळलेला कॅन्सर नव्हे.

मधलं अंतर किती लांब असतं ते ॲस्पिरिनने दाखवलं. ब्रिटनच्या जॉन बर्न यांनी १९९९ पासून लिंच असलेल्या ८६१ जणांची चाचणी केली. निम्म्यांना रोज ६०० मिलिग्रॅम ॲस्पिरिन, निम्म्यांना तशीच दिसणारी निर्गुण गोळी. २००८ मध्ये पहिला निकाल आला: फरक शून्य. वही तिथेच मिटली असती तर विषय संपला असता. ती उघडी राहिली, आणि २०२० चा हिशोब असा निघाला: ॲस्पिरिन घेतलेल्या ४२७ जणांपैकी ४० जणांना आतड्याचा कॅन्सर झाला, न घेतलेल्या ४३४ पैकी ५८ जणांना. गोळी दोनेक वर्षंच घेतली होती; गुण दिसायला त्याहून कितीतरी अधिक काळ लागला. लशीचंही असंच होणार. शिवाय लिंचचे रुग्ण वर्षा-दोन वर्षांनी दुर्बिणीची तपासणी करून घेतात, पॉलिप वेळेत निघतात, त्यामुळे मोजायला कॅन्सरच थोडे उरतात. म्हणूनच आधी पॉलिप मोजायचे, कॅन्सर मागाहून.

आपल्याकडे मोठ्या आतड्याचा कॅन्सर पाश्चात्त्य देशांच्या मानाने कमी, पण जे रुग्ण येतात ते कमी वयात येतात. टाटा हॉस्पिटलने एका वर्षातल्या अशा ८०० नव्या रुग्णांचा आढावा घेतला, तेव्हा सरासरी वय ४७ निघालं. या रुग्णांची सगळीच घराणी लिंचची नसतात, पण कोणती आहेत हे शोधल्याशिवाय कळणार कसं? इथे मावळातल्या वलवण गावात कुठल्याही घरी विचारून पाहा. ‘आजोबा पोटाच्या दुखण्याने गेले’, ‘आत्या लवकर गेली’, एवढंच हाती लागतं. वय कुणी लिहिलेलं नसतं, अवयव कुणी विचारलेला नसतो, आणि आत्या दुसऱ्या घरची झाल्याने ती हिशोबातच धरली जात नाही. लिंचच्या वंशवृक्षात मात्र आत्याचं गर्भाशय आणि आजोबांचं आतडं एकाच ओळीत मांडावं लागतं.

सुरुवात अवघड नाही. वलवण मुंबई-पुण्याच्या मधोमध आहे. दुखणं वाढलं की मावळातली माणसं पुण्याला नाही तर परळच्या टाटा हॉस्पिटलला जातात. ऑपरेशनच्या गाठीचा मेणातला ब्लॉक आणि काचेच्या स्लाइड पिशवीत घालून नेणारे नातेवाईक गाडीत भेटतात. त्याच ब्लॉकमधल्या पातळ कापावर वरच्या चार जनुकांची प्रथिनं शाबूत आहेत का, हे रंग देऊन पाहता येतं. एखादं गायब असेल तर पुढे रक्ताची जनुकीय तपासणी, आणि दोष सापडला तर त्याच जागेची तपासणी भावंडांची आणि मुलांची. प्रत्येकाला तो दोष मिळण्याची शक्यता निम्मी. टाटा मेमोरियलमध्ये परळला आणि खारघरच्या ॲक्ट्रेक या टाटाच्याच केंद्रात आनुवंशिक कॅन्सरच्या कुटुंबांवर हे काम चालतं. जनुकाचं नाव लिहिलेला तो अहवाल रुग्णाच्या फायलीत पडून राहतो, तेव्हा बहीण सासरी काही न कळता चाळिशी ओलांडते. तिला तो फोनवर वाचून दाखवायला हवा, आणि पंचवीस वर्षांच्या भाच्याला घेऊन दुर्बिणीची पहिली तपासणी करून यायला हवी. लस येईपर्यंत त्याच्या हातात तेवढंच आहे, आणि तेही थोडं नाही.