देहोपस्थिती आणि न सापडलेला देह : ख्वाजा युनूस प्रकरणाच्या संदर्भात

माणूस मरण पावला तर त्याचा शोक करता येतो. तो परागंदा झाला तर त्याची वाट पाहता येते. परंतु तो जिवंत आहे की मृत, हेच ठरत नसेल तर त्याच्या आप्तांना यांपैकी काहीही धड करता येत नाही. ही अवस्था जशी मनाची तशीच कायद्याचीही आहे. बेपत्ता व्यक्तीच्या कुटुंबासमोर कायदा कोणते मार्ग ठेवतो आणि ते मार्ग कोठे जाऊन थांबतात, याचा विचार प्रस्तुत लेखात एका प्रकरणाच्या आधारे करावयाचा आहे. या प्रकरणाचा आरंभ अमरावती जिल्ह्यात झाला, ही गोष्ट वऱ्हाडातील वाचकांच्याही फारशी स्मरणात नाही.

२ डिसेंबर २००२ रोजी मुंबईत घाटकोपर रेल्वे स्थानकाबाहेर बेस्टच्या बसमध्ये बॉम्बस्फोट झाला. त्यात दोघांचा मृत्यू झाला व अनेक जण जखमी झाले. या स्फोटाच्या तपासात संशयित म्हणून ख्वाजा युनूस या २७ वर्षांच्या सॉफ्टवेअर अभियंत्यास त्याच महिन्याच्या अखेरीस ताब्यात घेण्यात आले. तो मूळचा परभणीचा असून दुबईत नोकरी करीत होता. त्यास ताब्यात घेतले ते चिखलदऱ्याहून. सातपुड्याच्या माथ्यावरील, मेळघाटच्या जंगलाने वेढलेले हे थंड हवेचे ठिकाण वऱ्हाडातील कुटुंबांच्या सहलीचे नेहमीचे स्थान होय. तेथून परतवाडा, अकोला, वाशीम, हिंगोली असा परभणीचा रस्ता आहे. युनूसचा प्रवास मात्र मुंबईकडे झाला. त्याच्यावर दहशतवाद प्रतिबंधक कायद्याखाली म्हणजे ‘पोटा’खाली कारवाई करण्यात आली.

जानेवारी २००३ च्या पहिल्या आठवड्यानंतर तो कोणास दिसला नाही. पोलिसांचे म्हणणे असे की, त्यास तपासासाठी औरंगाबादकडे (आताचे छत्रपती संभाजीनगर) नेत असताना तेव्हाच्या अहमदनगर जिल्ह्यातील पारनेरजवळ वाहनास अपघात झाला आणि त्या गोंधळात तो पळून गेला. तशी फिर्यादही पारनेर येथे नोंदविण्यात आली. याउलट त्याच्यासोबत कोठडीत असलेल्या एका सहआरोपीने सांगितले की, ६ जानेवारी रोजी युनूसला मारहाण होताना व त्याच्या तोंडातून रक्त पडताना आपण पाहिले. ही दोन कथने एकमेकांच्या शेजारी ठेवली की कुटुंबाचा पेच ध्यानात येतो. एकानुसार मुलगा कोठेतरी लपून जिवंत आहे. दुसऱ्यानुसार तो या जगात नाही.

अशा वेळी कुटुंबाच्या हाती असणारे पहिले साधन म्हणजे देहोपस्थितीची याचिका. संविधानाच्या अनुच्छेद २२६ अन्वये उच्च न्यायालय व अनुच्छेद ३२ अन्वये सर्वोच्च न्यायालय बंदिवानास आपल्यासमोर हजर करण्याचा आदेश देऊ शकते. या रिटचे सामर्थ्य त्याच्या साधेपणात आहे. माणूस आणा आणि त्यास का अडकविले ते सांगा, एवढाच त्याचा आशय. पण त्याची मर्यादाही तेथेच आहे. ‘तो आमच्या ताब्यात नाही’ असे उत्तर आले की याचिका अडते, कारण जो ताब्यात नाही त्यास हजर कसे करणार? बेपत्ता होण्याच्या प्रकरणांत ‘पळून गेला’ हे उत्तर वारंवार का आढळते, याचा काहीसा उलगडा येथे होतो. ते उत्तर अटक नाकारीत नाही, ती केवळ संपल्याचे सांगते.

अर्थात न्यायालयांनी हे उत्तर नेहमीच मुकाट्याने स्वीकारलेले नाही. केरळमधील पी. राजन प्रकरण या संदर्भात मूलगामी मानावे लागेल. कालिकतच्या प्रादेशिक अभियांत्रिकी महाविद्यालयाच्या या विद्यार्थ्यास आणीबाणीच्या काळात, १ मार्च १९७६ रोजी पोलिसांनी नेले. त्याचे वडील टी. व्ही. ईच्चर वारियर हे हिंदीचे प्राध्यापक होते. त्यांनी अधिकाऱ्यांचे व मंत्र्यांचे उंबरठे झिजविले. आणीबाणी उठल्यावर १९७७ मध्ये त्यांनी केरळ उच्च न्यायालयात याचिका दाखल केली. प्रथम अटकच नाकारली गेली. न्यायालयाने ती झाल्याचे मानले. परिणामी मुख्यमंत्री के. करुणाकरन यांना पद सोडावे लागले. एवढे होऊनही राजनचा देह मिळाला नाही. वारियर २००६ मध्ये निवर्तले तेव्हाही तो मिळालेला नव्हता. मणिपूरमधील दोन व्यक्तींना लष्कराने नेल्यानंतर त्या परतल्या नाहीत, त्या सबॅस्टियन होंग्रे प्रकरणात १९८४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने त्यांच्या पत्नींना प्रत्येकी एक लाख रुपये देण्याचा आदेश दिला. व्यक्ती हजर होऊ शकली नाही म्हणून पैसा दिला गेला. याला न्याय म्हणावयाचे की न्यायाच्या अभावाची पावती, हा प्रश्न तेव्हापासून उभा आहे.

युनूसच्या कुटुंबाची याचिका मुंबई उच्च न्यायालयापुढे चालली. येथे भूगोलाचा एक विचित्र योग दिसतो. चिखलदरा नागपूर खंडपीठाच्या क्षेत्रात, परभणी व पारनेर औरंगाबाद खंडपीठाच्या क्षेत्रात, आणि कोठडी मुंबईत. परभणीसारख्या गावातील कुटुंबाने इतक्या दूर वर्षानुवर्षे दाद मागावयाची, यातील खर्च व दगदग कायद्याच्या पुस्तकांत कोठेही नोंदविलेली नसते. न्यायालयाच्या आदेशावरून राज्य गुन्हे अन्वेषण विभागाने तपास केला. पलायनाची कथा खरी नसून युनूसचा मृत्यू कोठडीतच झाला, असा त्या तपासाचा रोख होता. चौदा पोलिसांवर कारवाईची शिफारस झाली. शासनाने खटल्यास मंजुरी दिली ती चौघांपुरती. शासकीय कर्तव्याशी निगडित कृत्याबद्दल लोकसेवकावर खटला भरण्यास पूर्वमंजुरी हवी, या फौजदारी प्रक्रिया संहितेच्या कलम १९७ मधील तरतुदीचे व्यावहारिक फलित यापेक्षा स्पष्टपणे दाखविणे कठीण आहे. ते चौघे २००४ मध्ये निलंबित झाले.

युनूसच्या आई आसिया बेगम यांनी उर्वरित दहा जणांवरही खटला चालावा अशी मागणी केली. २०१२ मध्ये उच्च न्यायालयाने ती अमान्य केली, मात्र एकूण वीस लाख रुपयांची भरपाई मंजूर केली. कोठडीतील मृत्यूबद्दल राज्याने भरपाई द्यावी हे तत्त्व सर्वोच्च न्यायालयाने नीलाबती बेहेरा प्रकरणात १९९३ मध्येच मान्य केलेले होते. २०१८ मध्ये त्या सहआरोपीची साक्ष झाली. त्याने आणखी चार पोलिसांची नावे घेतली. त्यांनाही आरोपी करावे असा अर्ज विशेष सरकारी वकिलांनी दिला आणि त्याच वर्षी त्या वकिलांची नेमणूक रद्द झाली. जून २०२० मध्ये, कोरोनाच्या साथीत मनुष्यबळ अपुरे पडत असताना, निलंबित चौघांना सेवेत परत घेण्यात आले. आसिया बेगम पुन्हा न्यायालयात गेल्या, या वेळी अवमान याचिका घेऊन. चौघांवरील आरोप खरे की खोटे हे ठरविणे खटल्याचे काम आहे. तो खटला इतका लांबावा, ही बाब मात्र त्या निर्णयाची वाट न पाहताही नोंदविता येते.

दरम्यान घाटकोपर स्फोटाच्या मूळ खटल्यातील आरोपींना विशेष न्यायालयाने २००५ मध्ये निर्दोष सोडले. परंतु निर्दोष सुटण्यासाठीही हजर असावे लागते. जो न्यायालयापुढे उभाच राहू शकला नाही त्याच्या दोषादोषाचा निर्णय होत नाही. एका बाजूस मुलाचा देह नाही आणि दुसऱ्या बाजूस त्याच्या नावावरील डाग पुसणारा कागदही नाही, अशी ही दुहेरी कोंडी आहे.

मृत्यूच्या गृहीतकाचा कायदाही येथे तोकडा पडतो. ज्यांना स्वाभाविकपणे वार्ता कळली असती त्यांना सात वर्षे काहीच कळले नाही, तर ती व्यक्ती जिवंत असल्याचे सिद्ध करण्याचा भार तसे म्हणणाऱ्यावर येतो. भारतीय पुरावा अधिनियमाचे कलम १०८ हे सांगत असे. आता भारतीय साक्ष अधिनियम, २०२३ च्या कलम १११ मध्ये तीच तरतूद आहे. वारसा, विमा, निवृत्तिवेतन यांसाठी ती उपयुक्त होय. परंतु मृत्यू केव्हा व कशाने झाला, यावर ती मौन पाळते. परंपरेनेही या पेचाचा विचार केलेला दिसतो. दीर्घकाळ वार्ता नसलेल्याची पळसाच्या पानांची व काड्यांची प्रतिमा करून तिचे दहन करण्याचा पालाशविधी धर्मशास्त्रात आहे. इस्लाममध्ये देह समोर नसताना अदा करावयाची गायबाना जनाजाची नमाज अनेक ठिकाणी प्रचलित आहे. दोन्हींत देहाची जागा काहीतरी घेते. ‘फरारी’ अशी नोंद असलेल्याच्या बाबतीत मात्र हा अखेरचा निरोपदेखील अवघड होतो, कारण निरोप देणे म्हणजे एका अर्थी पोलिसांच्या दप्तरातील नोंद खोटी म्हणणे.

फौजदारी प्रक्रिया संहितेत २००५ च्या दुरुस्तीने कलम १७६ (१अ) घालण्यात आले. कोठडीतून व्यक्ती ‘नाहीशी’ झाली तरी न्यायदंडाधिकाऱ्याने चौकशी करावी, असे त्यात प्रथमच स्पष्टपणे आले. भारतीय नागरिक सुरक्षा संहितेत ते कलम १९६ मध्ये आहे. सक्तीने बेपत्ता करण्याविरुद्धच्या आंतरराष्ट्रीय करारावर भारताने २००७ मध्ये स्वाक्षरी केली, पण त्याचे अनुसमर्थन केलेले नाही. सक्तीने बेपत्ता करणे हा स्वतंत्र गुन्हाही भारतीय कायद्यात नाही. त्यामुळे अशा प्रकरणांत अपहरण, खून किंवा पुरावा नष्ट करणे यांपैकी कोणते कलम लावावयाचे, येथूनच वाद सुरू होतो, आणि खुनाच्या कलमापाशी आल्यावर पहिला प्रश्न विचारला जातो तो देहाचाच.