मिरामारला चिअर करायला जाणाऱ्या नाशिककरांसाठी

गोव्यात मिरामारच्या किनाऱ्यावर 20 ऑक्टोबर 2019 रोजी भारतातली पहिली 'आयर्नमॅन 70.3' शर्यत झाली आणि सेनादलाचा बिश्वरजित सिंग ती जिंकला. कोविडची दोन वर्षं सोडली, तर तेव्हापासून पावसाळा सरला की ही शर्यत भरते. समुद्रात 1.9 किलोमीटर पोहायचं, लगेच 90 किलोमीटर सायकल चालवायची आणि मग 21.1 किलोमीटर धावायचं, तेही साधारण साडेआठ तासांत. नाशिकहून स्पर्धक जातात, तसे त्यांना चिअर करायला मित्र, भावंडं, नवरा, बायको असेही जातात. या दुसऱ्या गटातल्या बऱ्याच जणांचा स्वतःचा सराव चालू असतो. कोणी पहाटे सावरकर तरणतलावावर लॅप मारत असतं, कोणी गोल्फ क्लबच्या ट्रॅकवर धावत असतं. नाव नोंदवण्याचं धाडस मात्र अजून झालेलं नसतं. हे लिहिते आहे ते त्यांच्यासाठी. कुठे उभं राहायचं, कोणाकडे बघायचं आणि काय ओरडायचं हे ठरवून गेलात, तर शर्यतीच्या कडेला घालवलेला तो दिवस तुमच्या सरावातला फार मोलाचा दिवस ठरतो, हे मी अनुभवानं सांगते.

आधी हे घडतं कसं ते पाहू. मानसशास्त्रज्ञ अल्बर्ट बांडुरा यांनी 1977 मध्ये मांडलं की 'हे मला जमेल' हा विश्वास माणसाला चार वाटांनी मिळतो. स्वतः ते करून पाहणं ही सर्वांत बळकट वाट. दुसरी, आपल्यासारख्या माणसाला ते करताना पाहणं. तिसरी, कोणीतरी 'तू करशील' असं मनापासून सांगणं. चौथी, आपल्या शरीराच्या धडधडीचा, थकव्याचा आपण लावलेला अर्थ. चिअर करताना यातल्या दोन वाटा एकाच वेळी उघडतात. धावणाऱ्याला तिसरी मिळते आणि कडेला उभ्या असलेल्याला दुसरी. दोघंही काहीतरी घेऊन घरी जातात.

यातला 'आपल्यासारखा' हा भाग कळीचा आहे. नाशिककरांना तो वेगळा समजावून सांगायला नको. सावरपाड्याच्या कविता राऊतनं 2010 च्या दिल्ली राष्ट्रकुल स्पर्धेत 10,000 मीटरचं कांस्य आणि त्याच वर्षी आशियाई स्पर्धेत रौप्य मिळवलं. आपल्याच डोंगरातली, आपल्यासारखीच अनवाणी वाढलेली मुलगी तिथवर पोहोचली, हे पाहिल्यावर या जिल्ह्यातल्या पोरींना मैदान दूरचं वाटेनासं झालं. कविताच्याच प्रशिक्षकांकडे, विजेंदर सिंग सरांकडे घडलेली संजीवनी जाधव 2017 मध्ये आशियाई अजिंक्यपद स्पर्धेत 5,000 मीटरचं कांस्य घेऊन आली. सायकलीचंही तसंच. डॉ. हितेंद्र आणि डॉ. महेंद्र महाजन या नाशिकच्या भावांनी 2015 मध्ये अमेरिका आडवी ओलांडणारी सुमारे 4,800 किलोमीटरची 'रॅम' दोघांच्या संघातून 9 दिवसांच्या आत पूर्ण केली. दवाखाना सांभाळणारी माणसं हे करतात म्हटल्यावर शहरातल्या कितीतरी मध्यमवयीन लोकांनी सायकल बाहेर काढली. 2018 मध्ये तेव्हाचे पोलीस आयुक्त डॉ. रवींद्र सिंगल फ्रान्समध्ये पूर्ण अंतराची आयर्नमॅन करून आले, तेव्हा 'वेळच मिळत नाही' हे कारण सांगणं अनेकांना अवघड होऊन बसलं.

ट्रायथलॉनमधलं याचं सर्वांत मोठं उदाहरण हवाईतलं आहे. फेब्रुवारी 1982 मध्ये तिथल्या आयर्नमॅन शर्यतीत ज्युली मॉस ही विद्यार्थिनी महिलांमध्ये पहिल्या क्रमांकावर असताना शेवटच्या टप्प्यात कोसळली, पुन्हा पुन्हा पडली आणि अखेर रांगत रेषेपलीकडे गेली. तोवर कॅथलीन मॅकार्टनी तिला मागे टाकून जिंकली होती. टीव्हीवर हे पाहणाऱ्यांत मार्क अॅलन नावाचा एक तरुण होता. त्यानं त्याच वर्षी ऑक्टोबरच्या शर्यतीत भाग घेतला आणि पुढे ती सहा वेळा जिंकली. त्याला घराबाहेर काढलं ते जिंकलेल्या बाईनं नव्हे, रांगणाऱ्या बाईनं.

म्हणून मिरामारला जाताना विजेत्यांच्या वेळा पाठ करून जाऊ नका. विजेता डोळ्यांसमोरून निघून जातो आणि आपण थक्क होतो, यापलीकडे हाती फारसं लागत नाही. शिकायचं असतं ते त्याच्यानंतर तीन-चार तासांनी येणाऱ्यांकडून.

आता दिवस कसा लावायचा ते. पहाटे उजेड व्हायच्या आत किनाऱ्यावर पोहोचा. पोहणाऱ्याला तुमचा आवाज ऐकू जात नाही. कान पाण्यात, वर टोपी. तेव्हा घसा राखून ठेवा आणि नुसतं बघा. आपण नाशिककर पोहायला शिकतो ते तलावात, जिथे तळाशी रेघ असते आणि दर 25 किंवा 50 मीटरवर भिंत असते. समुद्रात यातलं काहीच नसतं. चांगले पोहणारे ठरावीक हातांनंतर डोळे पाण्याबाहेर काढून पुढचा बोया शोधतात आणि लगेच मान खाली घालतात. जे हे करत नाहीत, ते वाकडे जातात आणि 1.9 किलोमीटरऐवजी बरंच जास्त पोहतात. किनाऱ्यावरून हे स्पष्ट दिसतं. पाण्यातून बाहेर पडणाऱ्यांची चालही पाहा. बराच वेळ आडवं राहून एकदम उभं राहिल्यावर डोकं हलकं होतं, पाय लटपटतात. शहाणे स्पर्धक शेवटच्या काही मीटरांत पाय जोरात मारून रक्त खाली उतरवतात आणि मगच उभे राहतात.

सायकलीच्या टप्प्यात सपाट रस्त्यावर उभं राहू नका. तिथे माणूस सूं करून जातो आणि तुमचं ओरडणं त्याच्या पाठीवर पडतं. चढ किंवा यू-टर्न शोधा. वेग मंदावतो तिथे चेहरा दिसतो आणि शब्द पोहोचतो. इथे एक गोष्ट खास बघण्यासारखी आहे. पुढच्या सायकलीच्या आडोशाला राहून वारा चुकवणं या शर्यतीत नियमाविरुद्ध आहे. 12 मीटर अंतर ठेवावं लागतं आणि ओलांडायचं तर 25 सेकंदांत ओलांडावं लागतं. रविवारी सकाळी घोळक्यानं सायकल चालवायची सवय असलेल्याला एकट्यानं 90 किलोमीटर वारा झेलणं किती वेगळं आहे, ते इथे कळतं. आणि कोण काय खातंय तेही पाहा. शरीरात साठलेलं ग्लायकोजेन या अंतराला पुरत नाही. तासाला 60 ग्रॅमच्या आसपास कर्बोदकं पोटात जावी लागतात आणि ती सायकलीवरच, कारण धावताना पोट फारसं काही स्वीकारत नाही. कोणी जेल घेतं, कोणी खजूर, कोणी केळं. ज्यांच्या सायकलीवरचा खाऊ जसाच्या तसा परत येतो, ते तासाभरानं तुम्हाला रस्त्यावर चालताना दिसतील.

धावण्याच्या टप्प्यात मात्र तुमची खरी गरज असते. मार्ग फेऱ्यांचा असल्यानं एकाच जागी उभं राहून तोच माणूस पुन्हा पुन्हा भेटतो. ट्रॅकर अॅपवर बिब क्रमांक टाकला की घोट्याला बांधलेल्या चिपमुळे तुमचा माणूस शेवटच्या मॅटवरून कधी गेला ते समजतं. शेवटच्या तिसऱ्या भागात, सावली नसलेल्या आणि गर्दी नसलेल्या जागी उभे राहा. शेवटच्या रेषेपाशी आधीच कल्ला असतो.

तिथल्या आवाजाचं काम काय? सामुएले मार्कोरा या संशोधकाचं म्हणणं असं की दमसासाच्या खेळात माणूस थांबतो तो बहुतेक वेळा स्नायू संपल्यामुळे नव्हे, तर श्रम सोसवेनासे वाटतात म्हणून. हे वाटणं बदललं की कामगिरी बदलते. त्यांनी आणि सहकाऱ्यांनी 2014 मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात थकेपर्यंत सायकल चालवणाऱ्यांसमोरच्या पडद्यावर क्षणभर, जाणवणारही नाहीत असे हसरे किंवा दुःखी चेहरे झळकवले. हसरे चेहरे झळकले तेव्हा लोक दुःखी चेहऱ्यांच्या वेळेपेक्षा सुमारे 12 टक्के जास्त टिकले. रस्त्याच्या कडेच्या हसऱ्या माणसाचाही असा परिणाम होत असू शकतो. तेव्हा मोबाइल खाली ठेवा आणि चेहरा मोकळा ठेवा.

बिबवर नाव छापलेलं असतं. ते वाचून हाक मारा. अनोळखी माणसानं नावानं हाक मारल्यावर मान वर होते, खांदे सरळ होतात. हे मी इतक्यांदा पाहिलं आहे की आता नाव वाचल्याशिवाय मी तोंड उघडत नाही. 'बस, आता थोडंच राहिलं' हे मात्र म्हणू नका. सात किलोमीटर बाकी असताना ते थोडं नसतं, आणि थकलेलं मन असं खोटं लगेच पकडतं. डोळ्यांना दिसतं तेच सांगा: 'पाय छान पडतायत', 'मागच्या फेरीपेक्षा ताजा दिसतोयस', 'खांदे सैल सोड'. चालणाऱ्याला 'पळ, पळ' म्हणू नका. 'पुढच्या खांबापर्यंत चाल, मग हळूहळू सुरू कर' म्हटलेलं त्याला उपयोगी पडतं.

आपल्याकडे निवृत्तिनाथांची पालखी त्र्यंबकेश्वराहून निघते, तेव्हा वाटेवरची माणसं वारकऱ्यांच्या हाती पाणी, केळी, चहा देतात. तोच हात मिरामारला आपोआप पुढे होतो आणि तो आवरावा लागतो. या शर्यतीत बाहेरच्या माणसाकडून पाणी, खाणं किंवा कसलीही वस्तू घेतली तर स्पर्धक बाद होऊ शकतो. त्याच्याबरोबर धावत राहणंही चालत नाही. 'रॅम'मध्ये सगळं उलटं असतं. तिथे मागच्या गाडीतली मंडळी रात्रंदिवस भरवतात, रस्ता सांगतात, बोलून जागं ठेवतात. महाजन बंधूंच्या शहरातून आलेल्या माणसाला म्हणूनच हा फरक विशेष ध्यानात ठेवावा लागतो. हातानं काही द्यायचीच ओढ असेल, तर स्वयंसेवक म्हणून नाव द्या. पाण्याच्या थांब्यावरचे स्वयंसेवक पाणी, बर्फ, केळी देतात आणि ते पूर्ण नियमात बसतं. सराव करणाऱ्यासाठी त्याहून चांगली जागा मला माहीत नाही. पहिल्यापासून शेवटच्यापर्यंत सगळे हातभर अंतरावरून जातात. कोण थांब्यावर चालतं आणि पुढे धावतं, कोण टोपीत बर्फ भरतं, कोण पेला घेतो पण पीत नाही, सगळं दिसतं. गोव्याच्या दमट हवेत घाम वाळत नाही, म्हणून तो शरीर थंड करत नाही. बर्फ आणि डोक्यावर ओतलेलं पाणी हे काम करतं. नाशिकच्या कोरड्या हवेत वाढलेल्यानं हे डोळ्यांनी पाहून घ्यावं.

आणि शेवटचा तास चुकवू नका. कट-ऑफ जवळ आलेला असताना येणाऱ्यांत पन्नाशी उलटलेले असतात, वजन जास्त असलेले असतात, गुडघ्याला पट्टी बांधलेले असतात. बांडुरांच्या भाषेत तुमच्यासारखे तेच. त्यांच्या पावलांचा वेग बघा: तो फार थोडा असतो, पण थांबलेला नसतो. तुमचा स्वतःचा रविवारच्या सकाळचा वेग आठवून ताडून पाहा. 'हे माझ्या आवाक्यात आहे' हे तिथे हिशेबानं कळतं.

परतल्यावरचा आठवडा जरा धोक्याचा असतो. हुरूप इतका दाटलेला असतो की माणूस एकदम दुप्पट धावतो आणि नडगी किंवा टाच दुखवून घेतो. दिसलेल्या गोष्टींतली एकच निवडा आणि तेवढीच सरावात आणा. समुद्राची भीती वाटली असेल, तर तलावात दर लॅपला दोनदा मान वर काढून समोर बघण्याची सवय लावा. खाण्याचं गणित चुकतंय असं जाणवलं असेल, तर लांब राइडला घड्याळ लावून दर वीस मिनिटांनी खा. जानेवारीत मविप्र मॅरेथॉन घरच्याच रस्त्यांवर असते. तिथे एखाद्या सुन्या वळणावर उभं राहून नावं पुकारा, म्हणजे पाहण्याची नजर बोथट होणार नाही.

पुढच्या वर्षी नाव नोंदवायचं ठरलं, तर सोळा ते वीस आठवड्यांचा सराव ऐन पावसाळ्यात येतो. जुलैत त्र्यंबक आणि इगतपुरीच्या बाजूला धुकं, निसरडे रस्ते आणि न थांबणारा पाऊस असतो. सिन्नर, निफाड, येवल्याकडे पाऊस पुष्कळ कमी. लांब राइड पूर्वेकडे न्या, महामार्गावर पहाटेच्या अंधारात मागचा लाल दिवा लावल्याशिवाय निघू नका, आणि परत आल्यावर सायकल टेकवून लगेच वीस मिनिटं धावा. पाय पहिल्यांदा लाकडासारखे लागतील. काही आठवड्यांत ते तेवढ्याच वेळात मोकळे व्हायला लागतात.