घडविणे आणि शेवटणे : व्हिडिओ गेममधील व गावगाड्यातील लोहारकाम

अद्भुतरम्य व्हिडिओ गेमच्या ज्या प्रकारात खेळणारा एखाद्या पात्राची भूमिका घेऊन त्याचे सामर्थ्य वाढवीत जातो, त्यात कारागिरीला स्वतंत्र स्थान आहे. धातू मिळवावा, भट्टीत वितळवावा, ऐरणीवर शस्त्र घडवावे आणि प्रत्येक कृतीगणिक कौशल्याचा अंक वाढावा, अशी ही योजना होय. लोखंडानंतर पोलाद, पोलादानंतर त्याहून दुर्मिळ द्रव्य, असा साधनांचा चढता क्रम असतो. या योजनेत कारागिराच्या कामाचा कोणता भाग मोजला जातो आणि कोणता वगळला जातो, हे बारामती-इंदापूर भागातील लोहारकामाच्या शब्दांशी ताडून पाहणे हा प्रस्तुत लेखाचा हेतू आहे.

‘एल्डर स्क्रोल्स’ या मालिकेतील तीन खेळ येथे उपयोगी पडतात. २००२ च्या ‘मॉरोविंड’मध्ये व २००६ च्या ‘ऑब्लिव्हियन’मध्ये शस्त्रे आणि चिलखते वापराने झिजतात, त्यांतील लोहाराचे कौशल्य हे हातोड्याने दुरुस्ती करण्याचे कौशल्य आहे. ‘ऑब्लिव्हियन’मध्ये ते १०० अंकांस पोचले की हातोडा मोडेनासा होतो. २०११ च्या ‘स्कायरिम’मध्ये मात्र शस्त्रांची झीजच काढून टाकण्यात आली. लोहारकामाचा अर्थ नवे घडविणे व असलेले अधिक प्रभावी करणे एवढाच उरला. अंक १०० झाला की ड्रॅगनच्या हाडांचे चिलखतही घडविता येते.

गावगाड्यातील लोहाराची स्थिती याहून निराळी होती. तो बलुतेदार असल्यामुळे त्याला सुगीच्या वेळी खळ्यावर धान्य मिळे. ते नगावर नव्हे, तर वर्षभराच्या कामाबद्दल असे. म्हणून शेतकऱ्याचे अवजार चालते ठेवणे हेच त्याचे मुख्य कर्तव्य ठरे. भाषा याची साक्ष देते. झिजलेल्या फाळाला किंवा कुळवाच्या फाशीला नवे टोक, नवी धार काढणे म्हणजे ‘शेवटणे’. बोथट कुऱ्हाड ‘पाजवतात’. तापविलेल्या पात्याला ‘पाणी देतात’. शस्त्राला पाजण्याची ही कल्पना जुनी आहे. सुश्रुतसंहितेत शस्त्रांची ‘पायना’ क्षार, उदक व तैल अशी तीन प्रकारची सांगितली आहे. कौशल्यासाठी आपण ‘हात बसला’ असे म्हणतो. या प्रयोगात कर्ता हात आहे, कारागीर नव्हे. आणि तो किती बसला यास अंक नाही. शेवटलेला फाळ शेतात किती टिकला, यावरूनच ते कळे.

हा व्यवहार पुढे बदलला. निरा डाव्या कालव्याचे पाणी एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस या अवर्षणग्रस्त भागात आले, ऊस वाढला आणि खोल नांगरटीची गरज भासू लागली. किर्लोस्करांचा लोखंडी नांगर १९०३ सालचा. त्याचा फाळ कारखान्यात ओतलेला, झिजला की बदलावयाचा. इंदापूर तालुक्यात वालचंदनगर येथे १९३० नंतरच्या दशकात साखर कारखाना उभा राहिला व कालांतराने यंत्रनिर्मितीही सुरू झाली. ‘फिटर’, ‘वेल्डिंग’, ‘स्पेअर पार्ट’ हे शब्द रूढ झाले आणि ‘शेवटणे’ मागे पडत गेले. ‘स्कायरिम’मधील कारागिरी, तिची ऐरण जुन्या काळातील दिसली तरी, व्यवहाराने या कारखान्याच्या जवळची आहे : वस्तू दुरुस्त न होता तिच्या जागी वरच्या दर्जाची वस्तू येते.

परंतु यावरून गावगाड्याचा गौरव करणे योग्य होणार नाही. तेथे लोहाराचे काम जन्माने ठरे आणि पीक बुडाले की बलुतेही बुडे. कौशल्य वाढले म्हणून त्याची पायरी वाढत नसे. कोणीही भट्टीपाशी यावे आणि श्रमाने वर चढावे, हे खेळातील आश्वासन त्या व्यवस्थेने कधी दिले नव्हते. त्याचे आकर्षण पोकळ मानता येत नाही.

भाषाभ्यासकापुढील प्रश्न व्यावहारिक आहे. व्यवसायांचे शब्द गोळा करताना आपण बहुधा ‘हे कसे बनवतात?’ असे विचारतो, आणि अवजारांच्या भागांची नावे हाती येतात. दुरुस्तीची क्रियापदे मात्र निसटतात. ज्यांनी ती वापरली ती माणसे आता वृद्ध झाली आहेत. म्हणून या तालुक्यांत शब्दसंग्रहासाठी जाणाऱ्या विद्यार्थ्याने पहिला प्रश्न ‘हे मोडल्यावर काय करीत होता?’ असा विचारावा.