केबल प्रेक्षक आणि फुटबॉलचे सामने

अमेरिकेत व्यावसायिक फुटबॉलचा सामना यजमान शहरातील दूरचित्रवाणीवर पूर्वी दाखविला जात नसे. तो घरबसल्या दिसल्यास क्रीडांगण ओस पडेल, अशी संघमालकांना भीती होती. १९७३ च्या कायद्याने ७२ तास अगोदर सर्व तिकिटे खपल्यास स्थानिक प्रक्षेपण रोखण्यास मनाई केली. तिकिटे उरल्यास मात्र प्रक्षेपण बंदच राही. १९७५ च्या नियमामुळे केबलचालकांनाही तो सामना दूरच्या केंद्रावरून आणून दाखविता येत नसे. पुढे संघांचे मुख्य उत्पन्न तिकिटांऐवजी प्रक्षेपण-हक्कांतून मिळू लागले. म्हणून केंद्रीय दळणवळण आयोगाने २०१४ मध्ये हा नियम रद्द केला आणि २०१५ मध्ये लीगने आपली बंदी स्थगित केली. अनेक क्रीडांगणे करदात्यांच्या पैशातून उभी राहिली आहेत. तिकीट न परवडणाऱ्या करदात्यालाही सामना दिसावा, हे न्यायाचेच होय.