सिगरेट सोडली, व्हेप धरला... पुढे?

हॉस्टेलवर दोन गोष्टी दर सेमिस्टरला नव्याने सुरू होतात. एक म्हणजे अभ्यास आणि दुसरी म्हणजे सिगरेट सोडणं! पहिलीबद्दल न बोललेलंच बरं. दुसरीचा मात्र आमच्या विंगमध्ये सध्या नवीन फंडा निघालाय. एका मित्राची सोडायची ही तिसरी वेळ, आणि या वेळी साहेब व्हेप घेऊन आलेत. "यात धूर नाही रे, नुसती वाफ आहे," असं त्याचं म्हणणं. तो मनापासून प्रयत्न करतोय, त्यामुळे थट्टा नको. पण आपण इंजिनिअर (होणार!) आहोत, तेव्हा यंत्र उघडून तर बघूया. माझं शिक्षण कॉन्व्हेंटमधलं, त्यामुळे भाषेला जरा सांभाळून घ्या.

आत आहे तरी काय?

लिथियमची बॅटरी, छोटी कॉइल, कापसाची वात आणि एक द्रव. बस्स! फर्स्ट इयरचा फॉर्म्युला आठवा : व्होल्टेजचा वर्ग भागिले रेझिस्टन्स. बॅटरी ३.७ व्होल्टची आणि कॉइल १.२ ओहमची असेल, तर सुमारे ११ वॅट उष्णता तयार होते. तिने वातीतला द्रव तापतो. या द्रवात प्रॉपिलिन ग्लायकॉल, ग्लिसरीन, फ्लेवर आणि निकोटिन असतं. म्हणजे बाहेर येते ती पाण्याची वाफ नव्हेच, तर या सगळ्याचे बारीक थेंब.

सिगरेटचं तसं नाही. झुरका मारताना तिचं टोक सुमारे ९०० अंश सेल्सिअसपर्यंत तापतं. तंबाखू जळते आणि टार, कार्बन मोनॉक्साइड असं बरंच काही छातीत जातं. कॅन्सर आणि हृदयविकार होतात ते मुख्यतः या धुरामुळे. व्हेपमध्ये जळणं नाही, म्हणून सिगरेट पूर्ण सोडून व्हेपवर गेलेल्याच्या शरीरात यातलं विष खूपच कमी जातं. हे खरं आहे, ते लपवून उपयोग नाही. पण कमी म्हणजे शून्य नव्हे! शिवाय हे यंत्र होन लिक या चिनी फार्मासिस्टने २००३ च्या सुमारास बनवलं. चाळीस वर्षं व्हेप ओढलेला माणूस अजून जगात नाही, मग दूरचे परिणाम सांगणार कोण?

मग सुटते का सिगरेट?

इंग्लंडमध्ये ८८६ जणांवर झालेली एक चाचणी २०१९ मध्ये प्रसिद्ध झाली. निम्म्यांना व्हेप दिला आणि निम्म्यांना निकोटिनचे गम, पॅच वगैरे. सोबत सगळ्यांना समुपदेशनही होतं. वर्षभरानंतर व्हेपवाल्यांपैकी १८ टक्के आणि दुसऱ्या गटातले ९.९ टक्के लोक सिगरेटपासून दूर होते. म्हणजे व्हेप जिंकला? थांबा. यशस्वी झालेल्या व्हेपवाल्यांपैकी ८० टक्के लोक वर्षानंतरही व्हेप ओढत होते. गम-पॅचवाल्यांत हेच प्रमाण ९ टक्के होतं. सिगरेट सुटली, निकोटिन नाही सुटलं!

मला वाटतं, खरी गोम इथेच आहे. निकोटिन काही सेकंदांत मेंदूत पोचतं आणि साधारण दोन तासांत रक्तातलं निम्मं उरतं. मग पुन्हा तलफ. सिगरेट निदान संपते तरी, आणि ओढायला टपरीपर्यंत चालत जावं लागतं. व्हेप मात्र उशाखाली असतो, रात्री दोनला सबमिशन लिहितानासुद्धा!

त्यात बरेच जण दोन्ही चालू ठेवतात : रूमवर व्हेप, टपरीवर सिगरेट. "दिवसाला एकच तर ओढतो" हा हिशोबही चुकीचा आहे. २०१८ च्या एका मोठ्या अभ्यासानुसार, रोज २० सिगरेटींमुळे हृदयविकाराचा जेवढा जादा धोका वाढतो, त्याच्या जवळपास निम्मा धोका रोजच्या एका सिगरेटीनेही वाढतो.

आपल्याकडचा मामला

ब्रिटनमध्ये व्हेपच्या द्रवात मिलिलिटरला २० मिलिग्रॅमपेक्षा जास्त निकोटिन चालत नाही. आपल्याकडे २०१९ च्या कायद्याने ई-सिगरेटचं उत्पादन, आयात, विक्री, साठा, जाहिरात सगळंच बंद आहे. पहिल्यांदा विकताना सापडला तर एक वर्षापर्यंत कैद, एक लाखापर्यंत दंड किंवा दोन्ही. म्हणजे इथे मिळतो तो माल चोरीछुपे आलेला. त्यात निकोटिन किती, द्रव कसला, हे तपासणारं कोणी नाही. चाचणीतला व्हेप आणि आपल्या विंगमधला व्हेप एकच, असं कसं धरायचं?

मग करायचं काय?

निकोटिन गम केमिस्टकडे मिळतो. २ मिलिग्रॅमचा की ४ चा, हे डॉक्टरांना विचारा. तो च्युइंगमसारखा सतत चघळायचा नसतो. थोडा चावून गालात धरायचा, चव गेली की पुन्हा चावायचा. आणि त्याच्या पंधरा मिनिटं आधीपासून चहा-कॉफी बंद, नाहीतर निकोटिन नीट शोषलं जात नाही. (कटिंगवाल्यांनो, नोंद घ्या!) शिवाय १८००-११-२३५६ ही सरकारी क्विटलाइन आहे, फोन फुकट. पहिले काही दिवस सगळ्यात वाईट जातात, चिडचिड होते, झोप लागत नाही. तेव्हा रूममेट्सनी "एक मार रे" म्हणायचं नाही, एवढी मदत तरी करा.

आणि ज्याची तिसरी वेळ आहे, त्याला एकच सांगणं. एटीकेटी लागली म्हणून कोणी इंजिनिअरिंग सोडत नाही, पुन्हा फॉर्म भरतो. बहुतेकांची सिगरेट पहिल्या फटक्यात सुटतच नाही. फक्त या वेळी पेपर कुठला आहे ते नीट बघ. धूर सोडणं हा अर्धा पेपर झाला, निकोटिन सोडणं हा उरलेला अर्धा. व्हेप घेऊन बसलास तर तो कोराच राहील.

बेस्ट लक!