पुन्हा पुन्हा ऐकलं की खरं वाटतं

सभेत वक्ता एकच वाक्य घोळवून घोळवून म्हणतो, ते उगाच नव्हे. 1977 मध्ये हॅशर, गोल्डस्टीन आणि टॉपिनो या अमेरिकी संशोधकांनी विद्यार्थ्यांना दोन-दोन आठवड्यांच्या अंतराने तीनदा विधानं ऐकवली. जी दर खेपेला परत आली ती, खरी असोत वा खोटी, अधिकाधिक खरी वाटू लागली. ओळखीचं वाक्य डोक्यात सहज उतरतं, आणि त्या सहजतेलाच आपण पुरावा मानून बसतो. हे मला फार धोक्याचं वाटतं, कारण ज्ञानही इथे पुरत नाही. लिसा फॅझिओ यांच्या 2015 च्या अभ्यासात ‘स्कॉटिश लोकांच्या चुण्यांच्या आखूड घागऱ्याला साडी म्हणतात’ अशी विधानं होती. योग्य उत्तर ठाऊक असणाऱ्यांनाही ती पुन्हा वाचल्यावर थोडी जास्त खरी वाटली. मात्र पहिल्याच वाचनात ‘हे बरोबर आहे का?’ असं तपासायला लावलं, तेव्हा जाणकारांवरचा हा परिणाम ओसरल्याचं पुढच्या संशोधनात दिसलं.