गळका गिअरबॉक्स

गेल्या सेमिस्टरला वर्कशॉपच्या मागे तेलाचे डाग पाहून ज्यांनी नाकं मुरडली, त्यांच्यासाठी हा खुलासा. ते डाग आमच्या रणगाड्याचे होते आणि चूक माझी होती.

आम्ही चौघींनी सेंच्युरियन टँकचं 1:6 मॉडेल केलं, रिमोटवर चालणारं. 1965 च्या युद्धात असल उत्तरला आपल्या सैन्याने वापरला तोच हा टँक. मूळ टँकमध्ये इंजिन एकच आणि वळवायचं काम मेरिट-ब्राउन गिअरबॉक्सचं. आम्ही सोपा मार्ग धरला. दोन्ही पट्ट्यांना वेगळी मोटर, वेगळा गिअरबॉक्स. एका बाजूचा पट्टा हळू केला की टँक त्या बाजूला वळतो. मोटर 3000 आरपीएमची, स्प्रॉकेटला हवे 200. म्हणजे रिडक्शन 15:1, दोन टप्प्यांत, आधी 3 मग 5. वेग पंधरापट कमी, टॉर्क (घर्षण वगळून) पंधरापट जास्त. 70 किलोचं धूड हलवायला तो लागतोच.

जोडताना तीन गोष्टी सांभाळायच्या.

पहिली, दातांमधली फट. वर्कशॉपचे मामा म्हणाले, "पेपरची पट्टी दातांत घालून फिरवा. कागद चुरगळून यावा, फाटू नये." फाटला तर गिअर फार घट्ट बसलेत, तेलाला जागाच नाही.

दुसरी, झाकण. सिलिकॉन सीलंटची बारीक रेघ पुरते. जास्त झालं तर ते आत पिळून येतं आणि तुकडा सुटून गिअरमध्ये जातो. बोल्ट समोरासमोरचे, थोडे थोडे आवळायचे.

तिसरी, शाफ्टवरचं ऑइल सील. त्याच्या रबरी ओठामागे बारीक गोल स्प्रिंग असते. ती बाजू तेलाकडे ठेवायची.

एवढं करूनही पहिल्या टेस्टला वीस मिनिटांत डावा गिअरबॉक्स गळायला लागला. मी पार्टनरला सगळ्यांसमोर म्हटलं, "सीलंट तूच लावलंस ना?" ती काही बोलली नाही. रात्री जागून तिने जुनं सीलंट खरवडून नवीन लावलं. दुसऱ्या दिवशी परत गळती, त्याच जागी.

मग मामांनी सील काढून उजेडात धरलं. ओठावर बारीक चीर. शाफ्टवर स्प्रॉकेटसाठी की-वे आहे, त्याच्या धारेने कापलं होतं. "आधी की-वेवर टेप गुंडाळा, ग्रीस लावा, मग सील सरकवा," असं मामांनी सांगितलं होतं. सील मी बसवलं होतं. मेसची वेळ संपत आली होती, टेप राहिली.

आणखी एक चूक सापडली. बॉक्सला ब्रीदर नव्हता. बंद डब्यातली हवा 30 वरून 60 अंशांवर गेली की दाब साधारण 10 टक्के वाढतो. चांगलं सील तेवढं सोसतं, पण चिरलेल्या ओठातून तेल बाहेर ढकललं जातं. गार होताना उलट, बाहेरची धूळ आत ओढली जाते. म्हणून वरच्या बाजूला छोटं भोक पाडून ब्रीदर बसवला.

नवीन सील टेप लावून बसवलं. त्यानंतर बॉक्स कोरडा आहे.

कँटीनमध्ये पार्टनरला सॉरी म्हटलं. चहा संपवून ती एवढंच म्हणाली, "पुढच्या वेळी आधी उघडून बघ, मग बोल."